फ्रँक-हर्ट्झ: पाऱ्याचे पीक येत नाहीत, आले तर ४.९ येत नाही

प्रॅक्टिकलचा हंगाम सुरू झाला की फ्रँक-हर्ट्झ प्रयोगाच्या तक्रारी ठरलेल्या. पाऱ्याच्या वाफेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं व्होल्टेज वाढवत करंटचा ग्राफ काढायचा, आणि त्यात ठरावीक अंतराने पीक (शिखरं) आणि डिप (खाचा) यायला हवेत. ग्राफ नुसता वर चढतो, मध्ये एकही खाच नाही. दोन पीक दिसतात आणि मग करंट एकदम उसळतो. काल सहा पीक आले होते, आज सगळे नॉब तिथेच ठेवूनही येत नाहीत. आणि ज्यांचं सगळं सुरळीत झालं त्यांची वेगळीच पंचाईत: दोन पीकमधलं अंतर ५.१ व्होल्ट येतंय, पुस्तकात ४.९ आहे, जर्नलमध्ये काय लिहू?

खालचं सगळं पाऱ्याच्या ट्यूबसाठी आहे, म्हणजे ज्या सेटबरोबर ओव्हन येतो त्यासाठी. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत आर्गॉनची ट्यूब असते. तिला ओव्हन लागत नाही आणि तिचे पीक साडेअकरा-बारा व्होल्टच्या अंतराने येतात. तापमानाचा भाग तिला लागू नाही. लीकेज (गळती), रिटार्डिंग व्होल्टेज (इलेक्ट्रॉनला शेवटी अडवणारं उलटं व्होल्टेज), स्वीप (व्होल्टेज शून्यापासून वर नेत जाणं) यांचा भाग तिलाही तितकाच लागू आहे.

प्रयोगात काय चालतं ते दोन वाक्यांत सांगतो. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले मंद इलेक्ट्रॉन धन व्होल्टेजच्या जाळीकडे, म्हणजे ग्रिडकडे, ओढले जातात आणि वाटेत पाऱ्याच्या अणूंवर आदळत राहतात; ऊर्जा कमी असेतो एका टकरीत त्यांचं सरासरी लाखातल्या निम्म्या भागाइतकं नुकसान होतं, कारण पाऱ्याचा अणू त्यांच्या पावणेचार लाख पट जड आहे. ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास पोचली की अणू ती घेऊन उत्तेजित होतो, इलेक्ट्रॉन रिकामा होतो, ग्रिडपलीकडे करंट गोळा करणाऱ्या कलेक्टरसमोरचा दीडेक व्होल्टचा विरोध त्याला ओलांडता येत नाही आणि करंट पडतो. यावरून एक गोष्ट पक्की धरा. निम्म्याहून जास्त तक्रारींच्या मुळाशी एवढाच प्रश्न असतो की कॅथोड ते ग्रिड या जेमतेम सेंटिमीटरभर अंतरात इलेक्ट्रॉनला पाऱ्याचे अणू किती भेटले.

ग्राफ नुसता चढतो, पीकच नाही

कुठल्याही नॉबला हात लावण्याआधी ओव्हन बघा. २० अंश सेल्सियसला पाऱ्याच्या वाफेचा दाब ०.१६ पास्कल असतो. एवढ्या विरळ वाफेत तुमची महागडी ट्यूब म्हणजे साधा व्हॅक्यूम ट्रायोड, आत वायूच नसलेली नळी. इलेक्ट्रॉन कुणालाही न भेटता सरळ ग्रिडवर जातात. १०० अंशांना दाब साधारण ३६ पास्कल होतो, १५० ला ३७५ च्या घरात, १८० ला ११७० आणि २०० ला २३००. म्हणजे १५० ते १८० या तीस अंशांत दाब तिप्पट. कामाच्या पट्ट्यात दर दहा अंशांना तो जवळजवळ दीडपट होतो, त्यामुळे 'दहा अंश इकडेतिकडे चालतात' हे इथे चालत नाही.

"पण सर, ओव्हनवर १८० दाखवतंय की." दाखवत असेल. थर्मामीटर कुठे बसवलाय ते बघा. वाफेचा दाब ठरतो तो ट्यूबच्या सगळ्यात थंड भागावरून, कारण पारा तिथे जाऊन बसतो आणि वाफ त्याच्याशी तोल साधते. बऱ्याच सेटमध्ये थर्मामीटर वरच्या भोकातून सोडलेला असतो आणि वर साचलेली गरम हवा मोजत असतो. ट्यूबचं बूड, जिथून पिना बाहेर येतात, ते पुढच्या पॅनेलला टेकलेलं असतं आणि पॅनेल खोलीच्या हवेत उघडं. वर १८० आणि बुडाशी १५० असेल तर ट्यूबच्या दृष्टीने तापमान १५० च.

हे डोळ्यांनी दिसतं. ओव्हनला खिडकी असेल तर टॉर्च तिरकी धरून काचेकडे बघा. थंड ट्यूबमध्ये इलेक्ट्रोडच्या आधारांवर आणि काचेवर राखी झाक असते, मोहरीपेक्षा बारीक चकचकीत थेंब असतात. ओव्हन तापत जातो तशी झाक वरून खाली विरत येते. शेवटचे थेंब जिथे टिकून राहतात तो तुमचा थंड बिंदू. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक तिथे, काचेच्या लगत, पण ओव्हनच्या धातूला न टेकता ठेवा आणि मग जो आकडा येईल तो जर्नलमध्ये लिहा. एकदा हे केलं की 'आमचा सेट २०० शिवाय पीक देतच नाही' यासारखी कोडी आपोआप सुटतात.

ओव्हन १८० ला पोचल्याबरोबर रीडिंग सुरू करणं ही दुसरी घाई. हवा तापलेली असते, काच आणि आतला धातू नाही. थर्मोस्टॅटचा पहिला 'टक' आवाज झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. तेवढ्या वेळात चहा होतो. जुन्या ओव्हनमध्ये द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट असतो. तो तापमान चार-सहा अंशांत खालीवर करत राहतो आणि कलेक्टर करंट त्याच तालावर हलतो. १८० भोवती तीन अंश म्हणजे अणूंच्या संख्येत दहा टक्क्यांच्या आसपास फरक, म्हणजे हा झोका ग्राफमध्ये सहज दिसण्याइतका मोठा आहे. पूर्ण स्वीप थर्मोस्टॅटच्या एकाच टप्प्यात उरका, शक्यतो ओव्हन बंद होऊन हळूहळू उतरत असताना. हातानं एकेक रीडिंग घेत अर्धा तास लावलात तर पहिला पीक एका दाबाचा आणि पाचवा दुसऱ्याच दाबाचा असतो. 'काल आलं, आज नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. राहिलं तर लाइनच्या व्होल्टेजमध्ये: संध्याकाळी व्होल्टेज पडतं, ओव्हनचा हीटर सुस्तावतो आणि कॅथोड तापवणाऱ्या फिलामेंटला रेग्युलेटेड सप्लाय नसेल तर इलेक्ट्रॉनचं उत्सर्जनही बदलतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी ओव्हन, मग फिलामेंट, सगळ्यात शेवटी व्होल्टेज. थंड ट्यूबमध्ये पाऱ्याचा थेंब दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये अडकून शॉर्ट करू शकतो. तशात व्होल्टेज दिलं तर नुकसान ट्यूबचं नाही तर अॅम्प्लिफायरचं. फिलामेंट लावल्यावरही कॅथोड स्थिर व्हायला दोन-चार मिनिटं द्या.

तापमान खरंच बरोबर असूनही पीक नसतील तर रिटार्डिंग व्होल्टेजची दिशा तपासा. कलेक्टर ग्रिडपेक्षा ऋण हवा. वायरी बदलताना ही अदलाबदल फार होते, आणि झाली की ग्राफ अगदी रुबाबात चढतो. रिकामे झालेले इलेक्ट्रॉनही कलेक्टर स्वतःच ओढून घेतो, मग खाच पडणार कशी?

एकाच तापमानाला सगळे पीक सुंदर मिळतील ही अपेक्षाही सोडा. १५० च्या आसपास पहिले पीक उठून दिसतात आणि पुढचे एकमेकांत मिसळतात. १९० कडे गेलात की पुढचे धारदार होतात आणि पहिला-दुसरा इतके बारीक होतात की रेंज बदलल्याशिवाय दिसत नाहीत. परीक्षेत एकच ग्राफ लावायचा असेल तर १७० ते १८० हा तडजोडीचा पट्टा.

दोन पीक, मग करंट उसळतो

हा डिस्चार्ज आहे, म्हणजे वाफच आयनित होऊन वीज वाहू लागते. पाऱ्याचा अणू आयनित व्हायला १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मग ४.९ ला रिकामा होणारा इलेक्ट्रॉन तिथे पोचतो कसा? वाफ विरळ असेल तर दोन टकरींमधलं अंतर वाढतं आणि काही इलेक्ट्रॉन ४.९ ओलांडून पुढे निसटतात. दुसरी वाट जास्त चोरटी आहे. पाऱ्याच्या उत्तेजित पातळ्यांपैकी ४.६७ आणि ५.४६ या दोन मेटास्टेबल आहेत. तिथे गेलेला अणू लगेच प्रकाश टाकून मोकळा होत नाही, तसाच थांबतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या इलेक्ट्रॉनने धक्का दिला की उरलेली ऊर्जा मिळवून आयनित होतो. धन आयन कॅथोडजवळ गेले की तिथला ऋण प्रभार फिका होतो, आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मग थांबत नाही.

दिसायला कॅथोड आणि ग्रिडच्या मध्ये निळसर जांभळी चमक दिसते. दिसली रे दिसली की अॅक्सिलरेटिंग (ग्रिडचं) व्होल्टेज शून्यावर. मग फिलामेंट थोडं उतरवा, तेवढ्याने भागलं नाही तर तापमान वाढवा, आणि पाऱ्यासाठी ३० व्होल्टच्या वर जायची हौस करू नका. ग्रिडच्या वायरीत १० किलोओहमसारखा रेझिस्टर मालिकेत आहे ना, तेही बघून घ्या. डिस्चार्ज झाला तर ट्यूब त्याच्यामुळे वाचते.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो. इंटरनेटवर निऑनच्या ट्यूबचे व्हिडिओ बघून मुलं विचारतात, आमच्या ट्यूबमध्ये नारिंगी पट्टे का दिसत नाहीत? निऑनमध्ये इलेक्ट्रॉन अणूला १८-१९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पातळ्यांवर नेतात, तिथून तो १६-१७ च्या पातळ्यांवर उतरताना दिसणारा प्रकाश टाकतो. पारा ४.९ वरून थेट तळाशी येतो आणि २५४ नॅनोमीटरचा अतिनील किरण देतो. तो डोळ्यांना दिसत नाही, साध्या काचेतूनही बाहेर येत नाही. म्हणून फ्रँक आणि हर्ट्झ यांनी तो पकडायला क्वार्ट्झचं भांडं घेतलं होतं. पाऱ्याच्या ट्यूबमध्ये काहीही चमकताना दिसलं तर खूश होऊ नका, व्होल्टेज उतरवा.

छोट्या खोड्या

पीकचं डोकं कात्रीने कापल्यासारखं सपाट असेल तर त्यात भौतिकशास्त्र शोधू नका, अॅम्प्लिफायर भरलाय. रेंज बदला किंवा फिलामेंट कमी करा. सगळेच डिप उथळ असतील तर रिटार्डिंग व्होल्टेज १ वरून दीड-दोनकडे न्या; फार वाढवलंत तर करंटच उरणार नाही. पुढे जाताना एक ग्राफ आणि मागे येताना दुसरा येत असेल तर स्वीप घाईचा आहे. इलेक्ट्रोमीटरमध्ये (बारीक करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये) १० च्या नवव्या घाताइतके ओहम आणि केबलची शंभरेक पिकोफॅरड धारिता धरली तरी प्रतिसादाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदाला एक व्होल्ट या वेगाने गेलात तर प्रत्येक पीक ०.१ व्होल्टने पुढे सरकलेला दिसेल. अंतरांवर याचा फारसा परिणाम होत नाही, पण जागा चुकतात. ग्राफ केसाळ दिसत असेल तर कलेक्टरची केबल शील्डेड आहे का आणि शील्ड खरोखर जोडलेलं आहे का ते मीटर लावून बघा, पंखा बंद करा, केबलला हात लावू नका. नॅनोअँपिअर मोजताना केबल हलवली तरी करंट दिसतो.

फिलामेंट एसीवर चालत असेल आणि तेच कॅथोडचं काम करत असेल तर त्याच्या दोन टोकांत काही व्होल्टचा फरक असतो. म्हणजे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या उंचीवरून सुटतात आणि पीक फासले जातात. कॅथोड वेगळा तापवलेला असेल तर हा त्रास नाही. तापलेल्या कॅथोडमुळे येणारा ऊर्जेचा पसारा मात्र ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आतच असतो; रुंद पीकचा दोष व्हायवामध्ये त्याच्या माथी मारू नका.

पीक आहेत, पण सगळा ग्राफ तिरका

पायाशी एक सरळ चढण आणि तिच्यावर पीक बसलेले, असं दिसलं तर लीकेज. तापलेली काच थोडी थोडी वाहक होते. कलेक्टर आणि कॅथोडमध्ये १० चा नववा घात ओहम एवढा मोठा रोध असला, तरी दहा व्होल्टला दहा नॅनोअँपिअर गळतो. आणि तुमचा पीकच काही नॅनोअँपिअरचा आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, सॉकेट आणि प्लगवर ओल आणि धुळीचा थर बसतो आणि त्यातूनही हेच होतं. जून ते सप्टेंबरमध्ये जे सेट बिघडतात आणि दिवाळीनंतर 'आपोआप' सुधारतात, त्यांचं रहस्य एवढंच.

तपासायला सोपं आहे. ओव्हन गरम, फिलामेंट बंद, बाकी सगळं तसंच ठेवून पूर्ण स्वीप घ्या. इलेक्ट्रॉनच नसताना जो करंट दिसतो तो गळतीचा. जोडण्या थंड आणि वीज बंद असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा बघा. जे उरेल ते काचेचं. ते प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. चढणीवर बसलेल्या पीकचं शिखर किंचित उजवीकडे सरकतं आणि डिपचा तळ डावीकडे, त्यामुळे वजाबाकी न करता 'पीक ते डिप' अंतर मोजलंत तर ते फसवं येईल.

डिप शून्याच्या खाली जातो

आधी फिलामेंट बंद करून अॅम्प्लिफायरचा शून्य लावा. दहातल्या आठ वेळा तेवढंच असतं. शून्य नीट लावूनही डिपमध्ये करंट उलटा होत असेल तर मात्र थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. उत्तेजित पारा जो २५४ नॅनोमीटरचा किरण टाकतो, त्याची ऊर्जा ४.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. कलेक्टरचा धातू, त्यावर बसलेला पाऱ्याचा थर, यांचं कार्यफल, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा, साधारण साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. म्हणजे तो किरण कलेक्टरमधून इलेक्ट्रॉन उडवू शकतो, आणि ग्रिड धन असल्यामुळे ते तिकडे पळतात. बाहेरच्या मीटरला हा करंट उलट्या दिशेचा दिसतो. धन आयन कलेक्टरवर आले असते तरी मीटरने नेमकं हेच दाखवलं असतं.

दोघांतला गोंधळ नवा नाही. १९१४ साली बर्लिनमध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्झ यांनी ४.९ व्होल्ट मोजला तेव्हा तो पाऱ्याचा आयनीकरणाचा आकडा आहे असंच त्यांनी मानलं. नील्स बोरच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांच्या अणूशी तो जुळतो हे बोरने १९१५ मध्ये दाखवलं, आणि १९१७ मध्ये डेव्हिस आणि गाउचर यांनी प्रकाशामुळे सुटणारे इलेक्ट्रॉन आणि खरे आयन यांना वेगळं करून दाखवलं तेव्हा ४.९ ला आयनीकरण नाही हे प्रयोगाने ठरलं. तुमच्या ट्यूबमध्ये उलटा करंट पहिल्या डिपपासूनच, १० व्होल्टच्या पुष्कळ आधी दिसत असेल तर तो प्रकाशाचा. मोठ्या व्होल्टेजला, चमकेबरोबर आला तर आयनांचा. पहिल्या प्रकारात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. जर्नलमध्ये लिहा, चांगला परीक्षक त्यावर जास्त गुण देईल.

४.९ का येत नाही

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याला दोन भाग आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात.

पहिला भाग सोपा. पहिला पीक ४.९ ला नसून सातच्या आसपास दिसतो. कॅथोडचं ऑक्साइडचं कार्यफल कमी, ग्रिडच्या धातूचं जास्त; दोघांतल्या फरकाएवढं व्होल्टेज मीटरवर दिसतं पण इलेक्ट्रॉनला मिळत नाही. हे संपर्क विभव. ते सगळ्या पीकना सारखंच ढकलतं, म्हणून शून्यापासून मोजू नका, दोन पीकमधलं किंवा दोन डिपमधलं अंतर घ्या.

दुसरा भाग असा की अंतरंही सारखी नसतात. नीट मोजलंत तर पहिल्या दोन डिपमध्ये ४.८, मग ४.९, मग ५.०, ५.१ असं ते वाढत जाताना दिसेल. बहुतेक जण याला प्रायोगिक त्रुटी म्हणतात आणि सरासरी काढतात. सरासरी ५ च्या वर गेली की काही हुशार मंडळी शेवटचा पीक 'नीट आला नाही' म्हणून गाळतात, आणि आकडा ४.९ वर येतो. हा उद्योग करू नका. वाढ खरी आहे.

कारण समजायला अवघड नाही. इलेक्ट्रॉन ४.६७ किंवा ४.९ ला पोचला की त्याच क्षणी समोर अणू हजर असतो असं नाही. ऊर्जा देऊन टाकणारी टक्कर होईपर्यंत तो सरासरी एक छोटं अंतर आणखी जातो आणि तेवढ्यात थोडी जास्तीची ऊर्जा कमावतो. ग्रिडवरचं व्होल्टेज जितकं जास्त, तितकं क्षेत्र जोरकस, तितकी ही जास्तीची कमाई मोठी. पाचव्या डिपला इलेक्ट्रॉनने पाच वेळा रिकामं व्हायचं असतं आणि प्रत्येक वेळची जास्तीची कमाईही पाचपट झालेली असते. हिशेब केला तर कुठल्याही डिपची जागा त्याच्या क्रमांकाच्या वर्गाबरोबर थोडी पुढे सरकते, आणि म्हणून लगतच्या डिपमधलं अंतर क्रमांकाबरोबर सरळ रेषेत वाढतं.

आकडे घालून बघू. ते लहान अंतर कॅथोड-ग्रिड अंतराच्या शंभराव्या भागाइतकं आहे असं धरा, आणि अणूची सर्वात खालची उत्तेजित पातळी ४.६७. मग पहिल्या-दुसऱ्या डिपमधलं अंतर ४.६७ च्या १.०३ पट म्हणजे ४.८१, पुढचं १.०५ पट म्हणजे ४.९०, मग ५.००, ५.०९, ५.१८. पाचांची सरासरी ५.००. मध्येच एकदा ४.९० आला तो निव्वळ योगायोगाने.

म्हणून सरासरीऐवजी असं करा. प्रत्येक अंतर त्या जोडीतल्या मोठ्या डिपच्या क्रमांकासमोर मांडा, बिंदूंतून सरळ रेषा काढा, आणि ती मागे वाढवून क्रमांक ०.५ जिथे असेल तिथलं मूल्य वाचा. ते पातळीचं मूल्य. रेषेच्या चढावरून वर सांगितलेलं सरासरी अंतरही मिळतं, आणि ओव्हन १७० वरून १९० ला नेला की चढ कमी व्हायला हवा. झाला नाही तर तुमचं थर्मोकपल पुन्हा तपासा. ही पद्धत हॅम्बुर्गच्या गटाने २००६ मध्ये मांडली आणि तिच्यातून पाऱ्यासाठी ४.९ ऐवजी ४.६७ जवळचा आकडा मिळतो, म्हणजे तीन जवळजवळच्या पातळ्यांपैकी सर्वात खालची. पुढे इलेक्ट्रॉनच्या झुंडीचा गतिकी सिद्धांत वापरणाऱ्यांनी या सोप्या चित्रावरही आक्षेप घेतले आहेत, कारण सगळे इलेक्ट्रॉन एकसारखे वागतात असं त्यात धरलेलं आहे. एमएस्सीच्या जर्नलसाठी ते चित्र पुरेसं आहे. ४.८९ हा आकडा मात्र २५४ नॅनोमीटरच्या रेषेचा, तो वर्णपटमापीत मिळतो. तुमच्या ग्राफकडून तोच यायला हवा असा हट्ट धरू नका.

डिपची जागा डोळ्यांनी ठरवू नका, तळाजवळच्या सात-आठ बिंदूंतून परवलय बसवा. अंतरातला फरक ०.१ व्होल्टचा आहे, जाड पेन्सिलीत तो बुडून जातो.

ट्यूबमध्ये पाऱ्याशिवाय आणखी कोणी असेल तर

वरचं सगळं करूनही पीक उथळच राहतात, तापमान वाढवून फरक पडत नाही, आणि वर्षागणिक परिस्थिती बिघडतेय, तर आत दुसरा वायू शिरलाय का याचा विचार करावा लागतो. कुठला वायू, यावर सगळं अवलंबून आहे.

आर्गॉन असेल तर पीक टिकतात. एका टकरीत इलेक्ट्रॉन त्याला साधारण छत्तीस हजारांत एक भाग देतो, आणि त्याची पहिली उत्तेजित पातळी ११.५५ वर आहे. पारा पुरेसा असला तर इलेक्ट्रॉन तिथवर जाण्याआधीच पाऱ्याकडे रिकामा होतो. अंतर पाऱ्याचंच राहतं. फक्त डिस्चार्ज लवकर होतो: काही इलेक्ट्रॉन ११.५५ ला पोचलेच तर तो मेटास्टेबल आर्गॉन पाऱ्याला भेटून त्याला १०.४ देऊन आयनित करतो. डोक्यावरची जुनी ट्यूबलाइट याच मिश्रणावर चालते. तिच्यात आर्गॉन काहीशे पास्कल आणि पारा ४० अंशांना पास्कलच्याही आत, तरी अतिनील प्रकाश येतो तो जवळजवळ सगळा पाऱ्याचा.

हवा शिरली तर खेळ संपला. नायट्रोजनच्या रेणूला कंपनाच्या पातळ्या असतात, ०.२९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पायऱ्यांच्या, आणि २ ते ४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट्यात त्या फार जोराने उत्तेजित होतात. पारा पाचशेची अख्खी नोट घेतो; नायट्रोजन वाटेतच सुटे काढून घेतो, आणि ४.९ पर्यंत पोचायला इलेक्ट्रॉनच्या खिशात काही उरत नाही. शिवाय ऑक्सिजन कॅथोडचा ऑक्साइड थर निकामी करतो, उत्सर्जन बसतं, आणि लोक फिलामेंट वाढवत वाढवत ते जाळून टाकतात. ओळखायची खूण: थंड ट्यूबमध्येही, जिथे ग्राफ ट्रायोडसारखा मोकळा चढायला हवा, तिथेही करंट दबलेला असतो. अशी ट्यूब दुरुस्त होत नाही, नवी मागवा.

काढताना ओव्हन पूर्ण गार होऊ द्या, कारण २०० अंशांना फुटलेली ट्यूब म्हणजे खोलीभर पाऱ्याची वाफ. साध्या २० अंशांनाही पाऱ्याच्या सान्निध्यात बंद हवेत घनमीटरमागे १३ मिलिग्रॅम पारा साठू शकतो. कामाच्या जागेसाठी घालून दिलेली एक प्रचलित मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅमची आहे. फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, थेंब ड्रॉपरने किंवा कागदाच्या कडेने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा, फटींवर गंधकाची पूड टाका. बाटलीवर चिठ्ठी लावा आणि ती घातक कचऱ्यात द्या, सिंकमध्ये नको.